निरपराध कोण, हे ठरवायचे कोणी?

वाचकाचे पत्र:

"मी निवृत्त शिक्षक आहे. गर्भपात मला मनापासून अमान्य आहे. जीव घेण्याचा अधिकार माणसाला नाही, आणि ज्याने कोणाचे काही वाकडे केलेले नाही अशा पोटातल्या निष्पाप जिवाचा तर नाहीच नाही. जो जीव आपण देऊ शकत नाही, तो घेणारे आपण कोण? आईच्या प्राणावर बेतले असेल तर मात्र डॉक्टरांनी आईला वाचवावे, असेच मी म्हणेन. बलात्कारातून गर्भ राहिला असेल तर काय म्हणावे ते मला उमगत नाही, म्हणून मी गप्प राहतो. दुसरीकडे, निर्घृण खून करणाऱ्याला फाशीच व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घरच्या मंडळींत हा विषय निघाला तेव्हा कायद्याचे शिक्षण घेणारी माझी भाची सर्वांसमोर म्हणाली, 'मामा, तुम्हाला जिवाची कदर नाही, शिक्षेची हौस आहे.' तेव्हापासून आमचे बोलणे कमी झाले आहे. माझ्या विचारांत खरोखरच विसंगती आहे का? असल्यास या दोहोंपैकी कोणते मत मी सोडावे?"

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण आपण जे विचारले आहे त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्याच वाक्यांत आहे. दोन मते एकमेकांना छेद देतात की नाही, हे नुसती ती मते शेजारी ठेवून कळत नाही. माणूस ती कोणत्या कारणासाठी बाळगतो, ते पाहावे लागते. आपण गर्भपाताला विरोध करताना एकाच दमात तीन कारणे दिली आहेत, आणि ती तिन्ही एकच आहेत असे आपण धरून चालला आहात. जीव घेण्याचा अधिकार माणसाला नाही, हे पहिले. निष्पाप जिवाला मारू नये, हे दुसरे. जे देता येत नाही ते घेऊ नये, हे तिसरे. यांतील पहिले आणि तिसरे कारण आपण खरोखरच मानत असाल, तर आपली भाची बरोबर आहे. फाशी देणारा हात माणसाचाच असतो, आणि न्यायाधीशालाही जीव देता येत नाही. 'माणसाला अधिकार नाही' असे एकदा म्हटले की त्यातून सरकारला वगळण्याची सोय उरत नाही, कारण सरकार हीसुद्धा माणसांनीच चालवलेली गोष्ट आहे. सेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ साली हाच आक्षेप घेतला होता: मनुष्यवधाचा धिक्कार करणाऱ्या कायद्याने स्वतःच मनुष्यवध करावा, हे त्याला तर्कदुष्ट वाटत होते.

दुसऱ्या कारणाची गोष्ट वेगळी आहे. 'निष्पाप व्यक्तीला जाणूनबुजून मारणे नेहमीच अन्याय्य असते' एवढेच आपले तत्त्व असेल, तर त्यातून गर्भपाताला विरोध निघू शकतो आणि फाशीला मात्र मनाई निघत नाही. खुनी निष्पाप नसतो. त्याने स्वतःच्या कृत्याने आपली स्थिती बदललेली असते. असा विचार करणारे आपण एकटे नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मपंडिताने निरपराधाला मारण्यास ठाम मनाई करून, समाजाला घातक ठरलेल्या गुन्हेगाराला सत्तेने मृत्युदंड देणे मात्र ग्राह्य मानले होते, आणि कॅथलिक परंपरेत हा भेद कित्येक शतके टिकून राहिला. इमॅन्युएल कान्ट हा जर्मन तत्त्वज्ञ तर त्याच्याही पुढे गेला. एखाद्या बेटावरील समाजाने विसर्जित होऊन पांगायचे ठरवले, तरी त्याआधी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला देहदंड दिलाच पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते, कारण तसे न केल्यास त्या रक्ताचे उत्तरदायित्व सर्वांवर राहते. म्हणजे जीव मोलाचा आहे म्हणूनच तो हिरावणाऱ्याला सर्वांत मोठी शिक्षा हवी, असेही प्रामाणिकपणे म्हणता येते. 'शिक्षेची हौस' हा भाचीचा शब्द या अर्थी अन्यायाचा आहे. तिने आपल्या मतावर टीका करताना आपल्या हेतूवर बोट ठेवले, आणि हेतू कोणाला असा बाहेरून दिसत नसतो.

तेव्हा निव्वळ तर्काच्या पातळीवर निर्वाळा मागत असाल, तर तो आपल्या बाजूने आहे: निरपराधित्वाच्या कारणावर उभे राहून ही दोन्ही मते एकत्र बाळगता येतात. परंतु येथेच थांबून 'पाहा, मी चुकलो नव्हतो' असे आपण भाचीला सांगू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या तत्त्वाने आपण सुटता ते तत्त्व साधे नाही, आणि ते गंभीरपणे मानले तर आपल्याला जिथे जायचे नव्हते तिथे ते घेऊन जाते.

आपण स्वतः मान्य केलेले अपवादच पाहा. आईच्या प्राणावर बेतले असेल तर गर्भपात चालेल, असे आपण लिहिता. त्या क्षणी गर्भ काही कमी निष्पाप झालेला नसतो. तरीही आपण आईच्या बाजूने कौल देता, याचा अर्थ आपण निष्पापतेच्या जोडीने दुसरे काहीतरी तोलत आहात, आणि ते म्हणजे अपरिहार्यता: दुसरा जीव वाचवण्याचा अन्य मार्गच उरलेला नाही, ही अवस्था. आता हाच काटा फाशीला लावा. खुनी पकडला गेला आहे, त्याच्या हातापायांत बेड्या आहेत, भिंती उंच आहेत, आणि त्याला मरेपर्यंत आत ठेवण्याची सोय कायद्याने केलेली आहे. त्याला मारल्याशिवाय वाचणार नाही असा कोणता जीव आता शिल्लक आहे? जिथे कोणाचेच काही चुकलेले नाही अशा प्रसंगीसुद्धा आपण जीव घेण्यासाठी अपरिहार्यतेची अट घालता, आणि जिथे पर्याय हाताशी आहे तिथे ती अट मागतच नाही, हे मला आपल्या विचारातले खरे कच्चे ठिकाण वाटते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली गर्भपाताचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध करणारे जे धर्मपत्र काढले, त्यातच त्यांनी हेही म्हटले की तुरुंगव्यवस्था सुधारलेल्या आजच्या काळात समाजाच्या रक्षणासाठी मृत्युदंड अटळ ठरावा असे प्रसंग फार दुर्मिळ, किंबहुना जवळजवळ नाहीतच. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या अधिकृत शिकवणुकीत बदल करून मृत्युदंड अस्वीकार्यच ठरवला. ज्या परंपरेने आपल्यासारखा भेद शतकानुशतके जपला, तिला तो सोडावासा वाटला, आणि तिने तसे करताना गर्भपाताबाबतचा विरोध तसूभरही सैल केला नाही. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी तर १९८३ सालीच न्यूयॉर्कमधील फोर्डम विद्यापीठातील व्याख्यानात गर्भपात, मृत्युदंड आणि अण्वस्त्रे या सर्वांना जीवनरक्षणाचे एकच सूत्र लावण्याची हाक दिली होती.

बलात्काराबाबत आपण गप्प राहता, ते मौन मला प्रामाणिक वाटले, पण त्याचा अर्थ आपण शोधला पाहिजे. बापाच्या गुन्ह्याचा डाग गर्भाला लागत नाही, हे आपणही मान्य कराल. मग निष्पापता हे एकमेव कारण असते तर तिथे आपला निषेध जराही डळमळला नसता. तो डळमळतो, कारण तिथे आपल्याला ती स्त्री दिसते: तिचे शरीर, तिच्यावर लादले गेलेले नऊ महिने, तिची झोप, तिची भीती. ही स्त्री प्रत्येक गर्भपातात असतेच. बलात्काराच्या प्रसंगात ती आपल्याला अधिक ठळक दिसते इतकेच. फाशीच्या प्रश्नात असे कोणाचेच शरीर गुंतलेले नसते. म्हणूनच 'दोन्हीकडे जीवच घेतला जातो' एवढ्या साम्यावर दोन प्रश्न एकाच पारड्यात टाकणे, मग ते आपण करा की भाचीने, मला पुरेसे वाटत नाही. माझे स्वतःचे मत लपवून आपल्याला उपदेश करणे बरे नव्हे, म्हणून सांगते की गर्भपाताबाबतचा निर्णय त्या स्त्रीकडेच असावा असे मी मानते. परंतु आपण मला ते मत विचारलेले नाही, आणि पुढचा युक्तिवाद मी आपले तत्त्व खरे धरूनच करणार आहे.

आपल्यासारखी दोन्ही मते बाळगणाऱ्याला मी एकच अवघड प्रश्न विचारेन. गर्भपात म्हणजे निष्पाप व्यक्तीचा जाणूनबुजून केलेला वध, आणि निष्पाप व्यक्तीच्या जाणूनबुजून केलेल्या वधाला फाशी, ही दोन्ही विधाने पूर्ण अर्थाने खरी असतील, तर गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीला आणि करणाऱ्या डॉक्टरला फाशी व्हावी का? हे वाचताना आपण दचकला असाल, आणि दचकावे अशीच माझी अपेक्षा आहे. इतिहासात असे घडलेले आहे. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या विशी राजवटीने फेब्रुवारी १९४२ मध्ये गर्भपाताला राज्याविरुद्धचा गुन्हा ठरवले. शेरबुर्ग या बंदराच्या गावी मारी-लुईझ जिरो नावाची धुणे धुऊन पोट भरणारी बाई राहत असे. तिने सत्तावीस स्त्रियांचे गर्भपात केल्याचे सिद्ध झाले. विशेष न्यायाधिकरणाने तिला मृत्युदंड दिला, राजवटीचे प्रमुख मार्शल पेताँ यांनी दया नाकारली, आणि ३० जुलै १९४३ रोजी पॅरिसच्या तुरुंगात गिलोटिनखाली तिचे शिर उडवले गेले. आपली दोन मते शेवटापर्यंत नेऊन जोडली की जे चित्र तयार होते, ते हे आहे. आपल्याला ते मान्य होणार नाही याची मला खात्री आहे, कारण गर्भपाताचे बहुतेक विरोधकही तिथवर जात नाहीत. पण मान्य का होणार नाही, याचे उत्तर आपण स्वतःला दिले पाहिजे. एक तर आपण मनाच्या तळाशी गर्भाला आणि जन्मलेल्या माणसाला तंतोतंत एकच मानत नाही. किंवा अडलेल्या स्त्रीची परिस्थिती पाहून आपण दोषाचे माप कमी करता, आणि तसे असेल तर परिस्थिती पाहण्याचा तोच हक्क फाशीच्या कैद्यालाही द्यावा लागतो. यांपैकी कोणतेही उत्तर आपण दिले तरी आपली भूमिका आहे तशी उरत नाही. फ्रान्सने पुढे १९७५ मध्ये गर्भपाताला कायदेशीर मान्यता दिली आणि १९८१ मध्ये मृत्युदंड रद्द केला.

आता मुख्य मुद्दा. आपल्या तत्त्वाचा सगळा भार 'निष्पाप' या एका विशेषणावर आहे, तर फाशीच्या व्यवहारात ते विशेषण कोण, कसे आणि किती खात्रीने लावतो, हे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. गर्भाच्या निष्पापतेचा निवाडा कोणत्याही न्यायालयाला करावा लागत नाही. आरोपीच्या बाबतीत मात्र ती साक्षी, पुरावे, कबुलीजबाब आणि वकिलाची कुवत यांतून ठरते. लंडनमधला टिमोथी एव्हान्सचा खटला मला इथे मुद्दाम आठवतो, कारण आपले दोन्ही प्रश्न त्या एकाच घरात एकमेकांसमोर उभे राहिले होते. एव्हान्स हा जेमतेम लिहिता-वाचता येणारा तरुण, पत्नी आणि वर्षभराची मुलगी यांच्यासह एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. १९४९ साली पत्नीला पुन्हा दिवस गेले. गर्भपात तेव्हा बेकायदा होता आणि पदरी पैसा नव्हता. नोव्हेंबर महिन्यात ती आणि मुलगी मारल्या गेल्या, आणि दोघींची प्रेते त्याच घराच्या मागच्या धुण्याच्या खोलीत सापडली. तळमजल्यावरच्या जॉन क्रिस्टी या भाडेकरूने गर्भपात करून देण्याची तयारी दाखवली आणि त्यातच बायको दगावल्याचे सांगितले, असा एव्हान्सचा एक जबाब होता. पण त्याचे जबाब फिरत गेले, एकदा त्याने खुनांची कबुलीही दिली, आणि न्यायालयाचा विश्वास बसला तो क्रिस्टीवर, जो सरकार पक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता. मुलीच्या खुनाबद्दल दोषी ठरवून ९ मार्च १९५० रोजी एव्हान्सला फासावर चढवण्यात आले. तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच घरात क्रिस्टीने लपवलेली अनेक स्त्रियांची प्रेते सापडली. एव्हान्सच्या पत्नीला आपणच मारल्याचे त्याने कबूल केले आणि तोही फाशी गेला. एव्हान्सला राजमाफी मिळाली ती १९६६ मध्ये. मेलेल्या माणसाला माफी, सोळा वर्षांनी.

आपण गर्भाबद्दल जे लिहिता, की त्याने कोणाचे काही वाकडे केलेले नाही आणि त्याला स्वतःचा बचावही करता येत नाही, ते त्या मुलीच्या खुनापुरते एव्हान्सला जसेच्या तसे लागू होते. त्याच्या बाजूने बोलण्यासाठी आपले तत्त्व पुढे यायला नको का? आणि ही घटना अपवादात्मक म्हणून बाजूला सारता येत नाही. अमेरिकेत १९७३ पासून मृत्युदंड सुनावले गेलेले १९० हून अधिक लोक पुढे निर्दोष ठरून सुटले आहेत. त्यांत मेरीलँडचा कर्क ब्लड्सवर्थ हा मृत्युदंड सुनावला गेल्यानंतर डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेला पहिला माणूस. फेरखटल्यात त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली होती, आणि १९९३ साली तो बाहेर येऊ शकला तो फाशी झालेली नव्हती म्हणून.

यावर आपण म्हणाल की सरकार निरपराधाला मारायला निघालेले नसते, चूक होते; गर्भपातात मात्र मारण्याचा हेतूच असतो. हा फरक खरा आहे आणि नीतिशास्त्रात त्याला वजन आहे. एखाद्या न्यायाधीशाकडून प्रामाणिक चूक झाली तर त्याला मी खुनी म्हणणार नाही. पण चूक अधूनमधून होणारच हे जेव्हा सर्वांना ठाऊक असते, ती दुरुस्त करता येईल अशी दुसरी शिक्षा उपलब्ध असते, आणि तरीही आपण ती न दुरुस्त होणारी शिक्षाच मागतो, तेव्हा 'हेतू नव्हता' ही ढाल फार पातळ होते. निष्पाप जिवाला धक्का लागू नये म्हणून एका बाजूला स्त्रीच्या अख्ख्या आयुष्याला बांध घालायला आपण तयार असाल, तर त्याच निष्पाप जिवासाठी दुसऱ्या बाजूला फाशीऐवजी आजन्म कारावास स्वीकारणे ही फार लहान किंमत आहे. म्हणून माझा निष्कर्ष असा: आपल्या दोन मतांत तार्किक विसंगती नाही, पण गर्भपाताला विरोध करण्यासाठी आपण जे कारण देता, तेच कारण फाशीचा आग्रह सोडायला आपल्याला सांगत आहे. गर्भपाताबाबतचे आपले मत कायम राहिले तरीही हे खरे आहे.

'कोणते मत सोडावे' असे आपण विचारले, म्हणून एक सावधगिरीचा शब्द. केवळ सुसंगत दिसण्यासाठी कोणतेही मत सोडू नका. गर्भपात आणि फाशी यांच्या चारही जोड्या जगात प्रत्यक्ष नांदलेल्या आहेत. आयर्लंडने १९८३ मध्ये न जन्मलेल्या जिवाच्या हक्काला राज्यघटनेत स्थान दिले आणि २००१ मध्ये त्याच घटनेत मृत्युदंडाला बंदी घातली; २०१८ मध्ये सार्वमताने यांतील पहिली तरतूद काढून टाकली, दुसरी ठेवली. चीनमध्ये गर्भपात कायदेशीर आहे आणि मृत्युदंडही दिला जातो. दोन्हींना नकार आणि दोन्हींना होकार, हे दोन्ही मार्ग वरवर सारखेच सुसंगत दिसतात, आणि ते दोन्ही एकाच वेळी बरोबर असणे शक्य नाही. प्रत्येक मताला त्याच्या त्याच्या कारणावर पारखावे लागते.

भाचीलाही हा अभ्यास चुकलेला नाही. तिच्या भूमिकेबद्दल आपण काही लिहिलेले नाही, पण ती गर्भपाताचा हक्क मानणारी आणि फाशीला विरोध करणारी असेल, तर आपल्याला विचारलेला प्रश्न उलटून तिच्याकडेही जातो. 'प्रत्येक जीव पवित्र आहे' म्हणून फाशी नको असे ती म्हणाली, तर गर्भ त्या 'प्रत्येक' शब्दात का बसत नाही, हे तिला सांगावे लागेल. सरकारच्या हाती जीव घेण्याची सत्ता नको, किंवा एका व्यक्तीच्या शरीरावर दुसऱ्याचा ताबा नको, असे तिने म्हटले तर तिची दोन्ही मते सहज जुळतात. ती यांतले काय म्हणते, ते ऐकण्यासारखे आहे.

तेव्हा तिच्याशी बोला, आणि आधी चारचौघांत नको, दोघेच असताना. 'जीव घेण्याचा अधिकार माणसाला नाही' हे वाक्य आपण वापरले होते आणि फाशीची बाजू घेणाऱ्याला ते वापरता येत नाही, एवढे मोकळेपणाने मान्य करा. त्याने आपला मान कमी होणार नाही. मग तिचा हेतूवरचा आरोप आपल्याला लागला, हेही सांगा. त्यानंतर तिच्यापुढे एव्हान्सचा खटला ठेवा, कारण त्यात तिच्या अभ्यासाचा आणि आपल्या श्रद्धेचा दोन्हींचा विषय आहे: गर्भपात बेकायदा असलेल्या काळातले ते घर, आणि फाशी कायदेशीर असलेल्या काळातले ते न्यायालय. त्या घरातल्या तिघांपैकी कोणाला कोणत्या कायद्याने वाचवता आले असते, हे दोघांनी मिळून शोधा. आपली उत्तरे वेगळी निघाली तर मला अवश्य लिहा. भाचीचे म्हणणे तिच्याच शब्दांत आले तर अधिक चांगले.